धुरकट सिंगल माल्ट कशी प्यावी, पाहुण्यांना कशी द्यावी?

निवांत_गडी

मंडळी, मेहुण्यांनी येताना ड्यूटी फ्रीमधून लॅगाव्हुलिन १६ ही स्कॉटलंडची धुरकट सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची माल्ट व्हिस्की) आणली आहे. शनिवारी घरी बसायचं ठरलंय. येणार तिघं. एक मेहुणे स्वतः. दुसरे आमच्या ऑफिसातले वरिष्ठ, जे वर्षानुवर्षं एकच ब्रँड भरपूर सोडा आणि ग्लासभर बर्फ घालून घेतात. तिसरा कॉलेजमधला मित्र, ज्याने यूट्यूबवर व्हिस्कीचे व्हिडिओ बघून डॉक्टरेट मिळवली आहे.

मी स्वतः धुरकट माल्ट याआधी बारमध्ये चाखली आहे, आवडलीही आहे. पण घरी चारचौघांना द्यायची तर काही शंका आहेत. नीट, म्हणजे काहीही न मिसळता द्यावी की पाणी घालून? बर्फ चालतो का? ग्लास कुठला? सोबत चखणा काय ठेवावा? आणि मुख्य म्हणजे वरिष्ठांनी सोडा मागितला तर काय करायचं?

माझं मत विचाराल तर १६ वर्षं पिंपात मुरलेल्या मालात सोडा ओतणं जिवावर येतं. पण घरी बोलावलेल्या माणसाला नियम शिकवणंही बरं दिसत नाही. अनुभवी लोकांनी लिहावं.

खारेदाणे

वास डेटॉलचा, किंमत सोन्याची. पाहुण्यांना ओल्ड मंक द्या आणि ती बाटली माझ्याकडे पाठवा. मी सविस्तर प्रतिसाद लिहितो.

बाराचा_भाव

शनिवारी संकष्टी नाही ना, ते आधी कॅलेंडरात बघा. मागच्या वेळी आमच्याकडे चखणाच उरला होता.

संचालक

धागा चालू ठेवत आहोत. महाराष्ट्रात दारूसाठी वयाची अट २५ वर्षं आहे आणि परवानाही लागतो, हे सर्वांना माहीत असेलच. खरेदी-विक्रीच्या जाहिराती आणि "मी किती पेग रिचवतो" छापाचे प्रतिसाद काढून टाकले जातील.

लीथकर

एडिनबरोत राहतो, लॅगाव्हुलिन जिथली त्या आयला बेटावर जाणं-येणं असतं, म्हणून चार शब्द.

पहिलं म्हणजे माप. आपल्याकडे लार्ज म्हणजे ६० मिली. इथे पबमध्ये २५ किंवा ३५ मिलीचं माप चालतं आणि त्यावर माणूस अर्धा-पाऊण तास सहज काढतो. धुरकट माल्ट पहिल्यांदाच चाखणाऱ्याला ६० मिली भरून देऊ नका. आवडली नाही तर बिचाऱ्याला संकोचापोटी संपवावी लागते. १५-२० मिली ओता. आवडली तर तो स्वतःच ग्लास पुढे करेल.

दुसरं म्हणजे वेळ. ओतल्या-ओतल्या नाक खुपसू नका. पाच-दहा मिनिटं ग्लास तसाच राहू द्या. सुरुवातीला अल्कोहोलचा जो भपकारा येतो तो बसतो. मग आधी धूर, आयोडीन, समुद्राकाठी सुकत पडलेल्या शेवाळाचा वास आणि त्यामागून हळूहळू गोडवा कळायला लागतो. लॅगाव्हुलिनमध्ये हा गोडवा भरपूर आहे, पण घाई करणाऱ्याला तो सापडत नाही. हुंगताना तोंड किंचित उघडं ठेवा, नाक चुरचुरत नाही.

तिसरं पाणी. आयलावरच्या पबमध्ये बारवर पाण्याचा छोटा जग ठेवलेला असतो आणि लोक बिनदिक्कत पाणी घालतात. "खरा स्कॉटिश माणूस पाणी घालत नाही" हे स्कॉटलंडमध्ये कधी न आलेल्यांकडूनच जास्त ऐकलंय. आधी एक घोट नुसता घ्यायचा, मग चमच्याने थोडं थोडं पाणी. ३० मिलीत चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली पाणी घातलं की ४३ टक्क्यांची व्हिस्की ३७ च्या आसपास येते. एवढ्यात फरक पुष्कळ पडतो. पाणी पाहुण्याने स्वतः घालावं, यजमानाने नाही.

खारेदाणे

एक मिनिट. बेटाचं नावच आयला?

लीथकर

हो, उच्चार अगदी तसाच. पहिल्यांदा फेरीतून उतरलो तेव्हा थंडी आणि वारा बघून मीही तेच म्हणालो.

संत्रा_बर्फी

लीथकर भाऊ, सगळं पटलं, पण एक गोष्ट तिकडच्या लोकांच्या लक्षात येत नाही. सगळे पंडित सांगतात, व्हिस्की "रूम टेंपरेचर"ला प्या. कोणाची रूम? स्कॉटलंडातल्या घरात १६-१८ अंश असतात. आमच्या नागपुरात मे महिन्यात कूलर लावूनही खोली तिशीच्या वर असते. त्या तापमानाला नीट व्हिस्की हुंगून पाहा. धूर-बिर काही कळत नाही, नुसतं स्पिरिट नाकात जातं. मग माणूस म्हणतो, काहून पैसे वाया घालवले बे?

मी काय करतो तर बाटली थंड अंधाऱ्या कपाटात ठेवतो आणि बसायच्या आधी वीसेक मिनिटं ग्लासेस फ्रिजमध्ये ठेवतो. बाटली नाही, फक्त ग्लास. व्हिस्की १८-२० अंशांच्या आसपास राहते. ग्लास ओला झाला तर पुसून घ्यायचा. एसी असेल तर एवढाही खटाटोप नको.

नीटनेटका

अखेर कोणीतरी बोललं. मी "नीट"वाला (आयडीवरून कळलंच असेल), पण उन्हाळ्यात नीटचा हट्ट मीही धरत नाही.

बर्फाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: लॅगाव्हुलिनमध्ये नाही. थंडीने वास उडायचे बंद होतात आणि धुरकट माल्टचे पैसे आपण वासासाठीच मोजलेले असतात. जीभ बधिर झाली की उरतो फक्त कडवट धूर. शिवाय बर्फ वितळत जातो तसं पाणी किती झालं यावर आपला ताबा राहत नाही. फ्रीझरमध्ये ठेवायचे ते दगडी ठोकळे मिळतात ना, तेही नकोत. थंड तेवढंच करतात आणि ग्लासवर आपटून दातांना धाक.

बेन्झीन_बाई

पाणी का घालायचं यामागे थोडं रसायनशास्त्र आहे. पीटचा (दलदलीतून कापून सुकवलेल्या जळणाचा) धूर ओल्या माल्टवर, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीवर बसतो तेव्हा त्यातली फिनॉल जातीची संयुगं बार्लीच्या सालीला चिकटतात. फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल वगैरे. औषधी वास मुख्यतः क्रेसॉलकडून आणि धुराचा वास ग्वायकॉलकडून येतो.

२०१७ साली स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी संगणकावर पाणी, इथेनॉल आणि ग्वायकॉल यांच्या मिश्रणाचं प्रारूप तयार केलं. त्यात असं दिसलं की अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर ग्वायकॉलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाजवळ जमतात, म्हणजे नाकाला सहज मिळतात. अल्कोहोल ५९ टक्क्यांच्या वर गेलं की इथेनॉलचे रेणू त्यांना वेढतात आणि ते आत दडतात. म्हणून कास्क स्ट्रेंग्थ (पिंपातून काढून पाणी न घालता भरलेल्या) बाटलीत पाणी घातल्यावर वास "उघडतो".

तर्कटराव

बाई, माहिती छान, पण दोन आक्षेप. एक, हे संगणकातलं प्रारूप आहे, त्यात कोणी एक थेंबही चाखलेला नाही. व्हिस्कीत शेकडो संयुगं असतात, इथे एकच घेतलंय. दोन, धागाकर्त्याची बाटली मुळातच ४३ टक्क्यांची आहे. म्हणजे तुमच्याच आकड्यांप्रमाणे ग्वायकॉल आधीच वर येऊन बसलेला आहे. मग पाणी कशासाठी?

बेन्झीन_बाई

पहिला आक्षेप मान्य. दुसऱ्याचं उत्तर त्या अभ्यासात नाही, पण धंद्यातल्या लोकांच्या सवयीत आहे. मास्टर ब्लेंडर मंडळी नमुने हुंगताना ते साधारण २० टक्क्यांपर्यंत पातळ करतात. अल्कोहोलची चुरचुर कमी झाली की बाकीचे वास वेगळे ओळखता येतात. प्यायला २० टक्के फारच पांचट लागेल, पण ४३ वरून ३७ ला यायला हरकत नाही. आणि ५८ टक्क्यांची बाटली असेल तर ३० मिलीत १० मिली पाणी घालूनही ती ४३-४४ च्या आसपासच राहते, तेव्हा तिथे हात आखडू नये.

तर्कटराव

ठीक. शनिवारी प्रयोग करून कळवतो. :-)

नीटनेटका

पाणी कुठलं हेही सांगा कोणीतरी. आमच्या सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी येतं. त्या क्षारांनी चहाचंही वाटोळं होतं, माल्टचं काय सांगावं. आयलाचं पाणी मऊ, रंगाने तपकिरी. आरओचं किंवा साधं बाटलीबंद पाणी घ्या, आणि तेही फ्रिजमधलं नको.

पीपीएम_पाटील

लॅगाव्हुलिन म्हणजे बालवाडी हो. खरा धूर पाहिजे तर ऑक्टोमोर घ्या. त्यातल्या एका बाटलीवर ३०९ पीपीएम (दशलक्ष भागांत फिनॉलचे इतके भाग) लिहिलंय. लॅगाव्हुलिन पस्तिशीत, लफ्रॉइग चाळिशीत, आर्डबेग पंचावन्न. आकडे बोलतात. नाद खुळा!

लीथकर

पाटील, आकडे बोलतात पण अर्धंच बोलतात. हे पीपीएम माल्ट केलेल्या बार्लीत मोजलेलं असतं, बाटलीतल्या व्हिस्कीत नाही. दळताना, आंबवताना, गाळताना फिनॉलं गळत जातात आणि पिंपात वर्षं काढली की अजून कमी होतात. म्हणून एकाच डिस्टिलरीची २५ वर्षांची बाटली १० वर्षांच्या बाटलीपेक्षा धुराने मवाळ लागते.

लॅगाव्हुलिन आणि कल ईला या आयलावरच्याच दोघींचं बघा. दोन्हींना पोर्ट एलन गावातल्या माल्ट बनवायच्या कारखान्यातून जवळपास सारख्याच पीटचा माल्ट मिळतो. तरी लॅगाव्हुलिन जड, तेलकट, मुरलेली आणि कल ईला हलकी, लिंबासारखी स्वच्छ. फरक भट्टीत आहे. भांड्यांचा आकार, ऊर्ध्वपातन किती सावकाश चाललंय आणि त्यातून निघणाऱ्या दारूचा ठेवायचा मधला भाग कुठे कापला यावर सगळं ठरतं. धुराची जड संयुगं शेवटाकडे येतात. कापणी लवकर केली तर धूर कमी, उशिरा केली तर जास्त.

आणि पाहुण्यांना पहिल्याच भेटीत ऑक्टोमोर पाजणं म्हणजे वैर धरणं आहे.

पीपीएम_पाटील

भावा, वैरी असले तर एवढ्या महागाची कोण पाजतंय?

ताकपिता

मी पीत नाही, पण धागा वाचायला मजा येतेय. प्रामाणिक प्रश्न: दवाखान्याचा वास येणारं पेय कोणाला सुचलं? आणि लोकांनी त्याला डोक्यावर का घेतलं?

लीथकर

सुचलं नाही, नाइलाजाने झालं. माल्ट म्हणजे मोड आणलेली बार्ली. मोड योग्य वेळी थांबवायला ती भट्टीवर सुकवावी लागते. आयलावर झाडं कमी, दगडी कोळसा नाही. पायाखाली पीट मात्र हवं तेवढं: हजारो वर्षं दलदलीत साठलेली अर्धवट कुजलेली शेवाळं आणि झुडपं. ते फावड्याने विटांसारखं कापायचं, सुकवायचं आणि जाळायचं. घरातली चूलही त्यावरच आणि भट्टीही त्यावरच. पूर्वी स्कॉटलंडात इतरत्रही असंच होतं. १९ व्या शतकात रेल्वेबरोबर स्पेसाइडकडे कोळसा आणि कोक पोचले आणि तिथली व्हिस्की बिनधुराची होत गेली. बेटांवर पीट टिकलं.

दवाखान्याचं म्हणाल तर अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, त्या काळातही लफ्रॉइग तिथे औषध म्हणून विकली जात होती असं सांगतात. वास घेतल्यावर अधिकाऱ्यांना पटलं असेल.

ताकपिता

धन्यवाद! आता निदान कोणी ग्लास नाकाशी आणला तर दोन वाक्यं बोलता येतील. ताकच पिईन, पण माहितीपूर्ण.

सोडावॉटर_बॉटल

इथे सोड्याची बाजू कोणीच घेत नाहीये म्हणून लिहितो. धुरकट माल्ट सोड्यात मरत नाही, उलट ती टिकते. गुळगुळीत, मधाळ माल्टमध्ये सोडा ओतला तर खरंच काही उरत नाही. पण धूर एका भागाला तीन भाग सोडा घातला तरी जाणवतो. उंच ग्लास, काठोकाठ बर्फ, कल ईला किंवा टॅलिस्कर, अगदी थंड सोडा, एकदाच हलकेच ढवळायचं. टॅलिस्करवर मिरपूड भुरभुरवतात, ती जोडी भन्नाट जमते. आपल्या हवेत हे उन्हाळी पेय म्हणून सुंदर आहे.

न्यूयॉर्कमध्ये सॅम रॉस नावाच्या बारटेंडरने २००५ च्या सुमारास पेनिसिलिन नावाचं कॉकटेल काढलं. ब्लेंडेड स्कॉच, लिंबू, मध, आलं आणि वरून तरंगती चमचाभर आयला माल्ट. ते जगभर चाललं. तेव्हा "नीट नाहीतर पाप" हे जरा बाजूला ठेवा.

नीटनेटका

कॉकटेलमध्ये चमचाभर तरंगवणं वेगळं आणि १६ वर्षांच्या बाटलीचा बुडबुडा करणं वेगळं. तुम्हीच कल ईला आणि टॅलिस्करचं नाव घेतलंत, लॅगाव्हुलिनचं नाही. त्यातच सगळं आलं.

सोडावॉटर_बॉटल

कारण ती महाग आहे, चुकीची आहे म्हणून नाही. खिशाचा प्रश्न आहे, धर्माचा नाही.

काळीमिरी

टॅलिस्करचं नाव निघालं म्हणून आले. माझी आवडती १०, ४५.८ टक्के, स्काय बेटावरची. पहिला घोट गोड, मग धूर आणि शेवटी घशात मिऱ्याचा झटका.

एक बारीक तक्रार. आमच्या मित्रमंडळात बसलो की मला विचारलं जातं, "तुला वाईन आणू का? ही जरा उग्र आहे." मग मी ग्लास पुढे करते आणि विचारणारा स्वतः तोंड वाकडं करून बर्फ शोधत फिरतो. निवांत_गडी, तुमच्या पाहुण्यांसोबत बायका येणार असतील तर त्यांनाही विचारा बरं.

निवांत_गडी

@काळीमिरी, मेहुण्यांची बाटली खरं तर बहिणीनेच निवडली आहे. तिला विचारायचं धाडस कोणाचं नाही, ती थेट ओतून घेते.

लीथकर

मग ताईंनाच यजमान करा.

ग्लासाबद्दल राहिलं. तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता एवढंच हवं, वास एकवटतो. ग्लेनकेर्न नावाचा खास ग्लास २००१ मध्ये आला, तो चांगला. नसेल तर पांढऱ्या वाईनचा छोटा ग्लास घ्या. रुंद तोंडाच्या जाड ग्लासात वास चहूकडे उडून जातो, तो सोडावॉटर यांच्यासाठी ठेवा.

बाराचा_भाव

आमच्याकडे कटिंगचे ग्लास आहेत. चालतील का?

नीटनेटका

वाईट नाहीत. फक्त कोणी चुकून बिस्किट बुडवू नये.

कालवं_आणि_कोकम

चखण्यावर कोणी बोलतच नाही! आयलावर शिंपल्यातल्या ताज्या कालवांवर बोमोर या तिथल्याच व्हिस्कीचे थेंब घालून खातात आणि मग त्याच शिंपल्यातून घोट घेतात. खारट, आयोडीनचा वास असलेली मासळी आणि तशाच वासाची व्हिस्की. हे वाचून मी मालवणात भावाला म्हटलं, करून बघूया का? तो म्हणाला, "आमच्याकडे कालवां कच्ची खाणारो अजून जल्माक येवचो आसा." बरोबरच आहे म्हणा. पाणी कुठलं, भरती कुठली हे माहीत नसताना कच्ची कालवं कोणी खाऊ नयेत. पण खोबरेलावर नुसत्या मिठात परतलेली कालवं आणि कल ईला, अहाहा. सुकटही चालते. भाजलेली, तिखट न घातलेली, वर चिमूटभर ओलं खोबरं.

खारेदाणे

म्हणजे शेंगदाणे-कांदा-मिरची-लिंबू बाद?

कालवं_आणि_कोकम

बादच. तिखटाची आग आणि अल्कोहोलची आग एकत्र आली की जिभेला दुसरं काही कळत नाही. खारे दाणे नुसते असतील तर उत्तम, तुमच्या आयडीला धक्का नाही. तिकडे लॅगाव्हुलिनसोबत रोकफोर चीज खातात. निळं, खारट, उग्र. मिळालं तर जरूर आणा, चीज धुराला बरोबर तोलून धरतं.

खानदेशी_खाक्या

शाकाहारी मंडळींसाठी: निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, पण मिरची हाताने आवरून. धुराला धूर भेटतो. आणि थंडीत हुरड्याला बसाल तेव्हा लफ्रॉइग सोबत ठेवा, भाजल्या कणसाचा गोडवा तिच्याबरोबर फार छान लागतो. तळलेल्यापेक्षा भाजलेलं सरस, इतकंच ध्यानात ठेवा. गोडात कडू चॉकलेट किंवा खजूर.

पीपीएम_पाटील

आणि मटण?

खानदेशी_खाक्या

मटण नंतर. तांबड्या रश्श्यासमोर लॅगाव्हुलिनची काय बिशाद?

मडगांवकार

स्कॉटलंडवर एवढं चाललंय, जरा आमच्या गोव्याकडेही बघा. पॉल जॉनची डिस्टिलरी कुंकळ्ळीला आहे, आत जाऊन बघताही येते. त्यांची 'बोल्ड' धुरकट आहे, ४६ टक्के, आणि तिच्यासाठी पीट आयलावरून येतं. बार्ली आणि हवा आपल्याकडची. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते, गोव्यात ८ च्या आसपास. म्हणून इथे १६ वर्षं कोण ठेवणार? पिंपच रिकामं व्हायचं. पाच-सहा वर्षांत रंग आणि लाकूड दोन्ही उतरतात. बेंगळुरूच्या अमृतची 'फ्यूजन'ही घ्या, तिच्यात स्कॉटलंडची धुरकट बार्ली आणि भारतीय बार्ली दोन्ही आहेत.

ज्याला धूर नवा आहे त्याने इथून सुरुवात केली तर खिसाही हसतो.

संत्रा_बर्फी

+१. नवख्यांसाठी अजून एक युक्ती. ब्लॅक लेबल सगळ्यांनी कधी ना कधी घेतलेली असते. त्यातल्या हलक्या धुरात कल ईलाचा वाटा आहे. आधी तिचा छोटा घोट, मग लॅगाव्हुलिन. ओळखीच्या धुरावरून अनोळखी धुराकडे जाता येतं. उलट क्रमाने मात्र देऊ नका. धुरकट माल्टनंतर दुसरी कुठलीही व्हिस्की बेचव लागते, म्हणून बैठकीत ती शेवटी.

निवांत_गडी

मंडळी, सर्वांचे आभार. शनिवार पार पडला, हा वृत्तान्त.

ब्लॅक लेबलची युक्ती वापरली. मग वाईनच्या छोट्या ग्लासात प्रत्येकी २० मिली लॅगाव्हुलिन, बाजूला आरओच्या पाण्याचं भांडं आणि चमचे. यूट्यूब-डॉक्टरने भाषण सुरू केलं, बहिणीने "आधी पी, मग बोल" म्हणून गप्प केलं. तिने एक चमचा पाणी घातलं आणि म्हणाली की आता मनुकांसारखं काहीतरी येतंय. मला नुसतीमध्ये ते सापडलं नव्हतं, पाणी घातल्यावर सापडलं. तर्कटरावांनी याची नोंद घ्यावी.

वरिष्ठांनी एक घोट घेतला, दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत आणि मग सोडा मागितला. मी निमूट दिला. एक भाग व्हिस्की, तीन भाग सोडा, उंच ग्लासात. तो त्यांनी शेवटपर्यंत आवडीने घेतला आणि म्हणाले, सोड्यातही हिचा वास जात नाही, आमची नेहमीची तर नुसती पाण्यासारखी लागते. आता ते कुठली धुरकट पण स्वस्त बाटली घ्यावी असं विचारताहेत.

सुकटीला सगळ्यांत जास्त मागणी होती. डाएटवर असलेल्या मेहुण्यांनी सर्वांत जास्त खाल्ली.

सोडावॉटर_बॉटल

मी काही बोलत नाही. फक्त हसतोय.

नीटनेटका

हसा. पण त्यांना पुढच्या वेळी 'बोल्ड' द्या, सोडा तिच्यात घालू दे. माझ्या जिवाला बरं वाटेल.

तर्कटराव

बहिणीचं नाक हा एक नमुना झाला, अभ्यास नव्हे. तरीपण घरी मीही एक चमचा घालून पाहिला आणि मनुका मलाही लागल्या. कशामुळे लागल्या ते सांगता येणार नाही. प्रतिसाद वाचून लागल्या असण्याची शक्यता मोठी आहे.

निवांत_गडी

अजून एक विचारायचं होतं. बाटलीत निम्मी उरली आहे. किती दिवस टिकते? धूर उडतो का?

बेन्झीन_बाई

खराब होत नाही, पण बाटलीत हवा जितकी जास्त तितका वास लवकर मंदावतो, आणि धुराचा ताजेपणा आधी जातो. निम्मी असेल तर काही महिने निश्चिंत राहा. तळाशी आली की छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. बाटली उभीच ठेवायची, वाईनसारखी आडवी नाही. अल्कोहोल बुचाला खातं आणि मग बूच उघडताना तुटतं. उन्हात आणि गॅसच्या शेगडीजवळच्या फडताळात ठेवू नका.

आणि कधी आर्डबेग १० घेतलीत तर बर्फ किंवा पाणी घातल्यावर ती किंचित गढूळ दिसेल. घाबरू नका. ती ४६ टक्क्यांची आहे, थंड करून गाळलेली नाही, म्हणून तेलकट संयुगं वेगळी होऊन दिसतात. भेसळ वगैरे काही नाही.

मडगांवकार

किमतीचं बोललं पाहिजे. आयात होणाऱ्या स्कॉचवर १५० टक्के सीमाशुल्क होतं, त्यावर राज्याचा कर वेगळा. म्हणून सगळे ड्यूटी फ्रीच्या २ लिटरवर डोळा ठेवून असतात. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या, त्यात हे शुल्क आधी ७५ आणि मग दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलंय.

बाराचा_भाव

राज्य सरकारला कळलं की ते उरलेला फरक भरून काढतील. काळजी नसावी.

काळीमिरी

लीथकर, आम्ही चौघी मैत्रिणी पुढच्या वर्षी स्कॉटलंडला जायचं म्हणतोय. आयलाला जमेल का? कोणी गाडी चालवायला तयार नाही, कारण सगळ्यांनाच चाखायचं आहे.

लीथकर

जमेल, आणि गाडीशिवायच बरं. ग्लासगोहून बसने केनाक्रेगला यायचं, तिथून फेरी, दोन-अडीच तास. पोर्ट एलनला उतरणारी फेरी घ्या. गावातून लफ्रॉइग, लॅगाव्हुलिन आणि आर्डबेग अशी ओळीने तीन डिस्टिलऱ्यांची पायवाट आहे, रस्त्याला लागूनच, सगळी मिळून पाचेक किलोमीटर. चालत जायचं, चालत किंवा बसने परत. पोर्ट एलन ही जुनी डिस्टिलरी १९८३ मध्ये बंद पडली होती, २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, तीही गावातच आहे.

मे महिन्याच्या शेवटी तिथे व्हिस्कीचा मोठा उत्सव असतो. तेव्हा राहायला खोली मिळणं महाकठीण, कित्येक महिने आधी आरक्षण लागतं. एप्रिल किंवा सप्टेंबर बघा. फेरी वाऱ्यामुळे रद्द होते, तेव्हा परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नका. विंडचीटर न्याच. आणि टेस्टिंगच्या वेळी छोट्या रिकाम्या बाटल्या मागा. गाडी चालवणाऱ्यांसाठी ठेवलेल्या असतात, पण चालणाऱ्यांनाही देतात. दुपारी तीन ठिकाणी बसून सगळं तिथेच संपवायचं नसतं.